भूगोलाचा राहिलेला पेपर

तुमच्यापैकी काही जणांचा दहावीचा भूगोलाचा पेपर अजून द्यायचा राहिलाय. २३ मार्च २०२० ला तो होणार होता. आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून मार्क मिळाले. पुढच्या बॅचची तर अख्खी परीक्षाच झाली नाही, निकाल मात्र ९९.९५ टक्के! त्या मुलांना ‘कोविड बॅच का?’ असं हसत विचारणारे आजही भेटतात. जणू शाळा त्यांनीच बंद केली होती.

लॉकडाऊनचा विषय निघाला की आपण डालगोना कॉफी, लुडो आणि कॅमेरा बंद करून काढलेल्या झोपा आठवतो. नाहीतर कट्ट्यावर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, लॉकडाऊन नसता तर माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली असती. दुसरी म्हणते, लॉकडाऊननेच देश खड्ड्यात घातला. दोघांच्या बोलण्यात एकच तराजू असतो. एका पारड्यात जीव, दुसऱ्यात पैसा. हा तराजूच चुकीचा आहे, असं आम्हाला वाटतं.

आधी एक मान्य करू. लॉकडाऊनने विषाणू मरत नाही, वेळ मिळतो. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता २१ दिवसांची घोषणा झाली, अंमल रात्री बारापासून. तेव्हा देशात जेमतेम पाचशेच्या वर रुग्ण होते. जानेवारीत कोविडची चाचणी फक्त पुण्याच्या एनआयव्हीत होत होती, मे संपेपर्यंत अशा प्रयोगशाळा सहाशेच्या पुढे गेल्या. पीपीई किट इथे बनायला लागले, मोठ्या मैदानांवर खाटा लागल्या. हा वेळ मिळाला नसता तर त्या उन्हाळ्यात काय झालं असतं, याची कल्पना २०२१ च्या एप्रिलवरून करता येते. तेव्हा महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण सापडले होते आणि ऑक्सिजनचे टँकर आणायला कळंबोलीहून विशाखापट्टणमला रेल्वे पाठवावी लागली होती.

पण वेळ फुकट मिळत नाही. त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं?

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज आला. हा आकडा सगळ्यांनी ऐकलाय. त्याच्या पोटातले आकडे फारसे कुणी बघत नाही. बांधकाम निम्म्याने खाली आलं. व्यापार, हॉटेलं, वाहतूक ४७ टक्क्यांनी. शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा पगार बऱ्यापैकी चालू राहिला आणि वीट उचलणाऱ्याचा, ताट धुणाऱ्याचा, रिक्षा चालवणाऱ्याचा रोज बुडाला. त्यांना घोषणा आणि अंमल यांच्यात चार तास मिळाले होते. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातले. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते चालत निघाले होते. रुळांवर पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. ही माणसं कोविडने गेली की अर्थव्यवस्थेने? कुठल्या पारड्यात टाकायची?

क्षयरोगाचंच बघा. २०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाखांची. वाटेल, वा, रोग हटला! तसं काही नव्हतं. लोकल बंद, एसटी बंद, टीबी शोधणारी मशिन्स कोविडच्या कामाला लागलेली, आणि खोकला आला तरी ‘उचलून नेतील’ म्हणून गप्प बसलेली माणसं. रुग्ण होतेच, सापडले नाहीत. न सापडलेला रुग्ण औषधाविना एका खोलीत पाच-सात जणांबरोबर राहिला. त्यात मजुरी बंद, म्हणजे ताटातलं अंडं आणि डाळही बंद. अर्धपोटी माणसाला टीबी लवकर गाठतो, हे कुठल्याही सरकारी दवाखान्यातली नर्स सांगेल. इथे पैसा आणि जीव वेगळा काढून दाखवा.

‘मग लॉकडाऊन लावायलाच नको होता’ म्हणणारे स्वीडनचं नाव घेतात. स्वीडनने सक्तीचा लॉकडाऊन लावला नाही, लहान मुलांच्या शाळाही चालू ठेवल्या. तरी त्या तिमाहीत त्यांची अर्थव्यवस्था साधारण आठ टक्के आकसलीच. लोक आपणहून घरी बसले, जगाने ऑर्डरी थांबवल्या. आणि पहिल्या वर्षात कोविडचे मृत्यू लोकसंख्येच्या मानाने शेजारच्या नॉर्वेच्या कितीतरी पट. साथीचा फटका बसणारच असतो. तो कुणाला किती बसू द्यायचा, एवढंच सरकारच्या हातात उरतं. शाळांबाबत मात्र स्वीडनचं बरोबर होतं, असं आमचं मत आहे. आपल्याकडे मॉल उघडले, बार उघडले, शाळा दीड वर्षाहून जास्त बंद. ‘असर’च्या पाहणीत २०१८ मध्ये ग्रामीण भागातली तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीचा धडा वाचू शकत होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. ती पोरं आता तुमच्या मागोमाग कॉलेजात येतील.

जिथे बिल वाटून घेतलं गेलं तिथे फरक दिसला. गावी परतलेल्यांना रोजगार हमीने धरून ठेवलं. २०२०-२१ मध्ये त्या कामाचे ३८९ कोटी दिवस भरले, आदल्या वर्षी २६५ कोटी होते. रेशनवर फुकट धान्य मिळालं म्हणून अनेक चुली पेटल्या. हे पुरेसं होतं का? नव्हतं. शहरातल्या रोजंदारीवाल्यासाठी तर रोजगार हमी तेव्हाही नव्हती.

पुढच्या साथीत निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती तुमच्यातलेच कुणी डॉक्टर, कलेक्टर, अर्थतज्ज्ञ बसलेले असतील. तयारी आजच सुरू करता येईल, तीही घरातूनच. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना एप्रिल २०२० चा पगार दिला होता का, हे आज रात्री जेवताना विचारून बघा.