कॉम्प्रेसरचं बिल कोण भरणार?

धुरातला कार्बन डायऑक्साइड नुसत्या वेगाच्या जोरावर वेगळा करायची एक युक्ती आहे. दाबाखालचा वायू मध्ये चिंचोळी असलेल्या नळीतून सोडला की आवाजापेक्षा वेगाने धावतो आणि क्षणात गारठतो. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचे थेंब किंवा बर्फाचे कण होतात, आणि वायूला गरगर फिरवलं की ते कडेला फेकले जातात. रसायन नको, वाफ नको. नैसर्गिक वायूतली ओल काढायला मलेशियाच्या समुद्रातल्या प्रकल्पात वीसेक वर्षांपूर्वीच अशी यंत्रं बसली.

जालना एमआयडीसीत रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे माझी नजर नळीवर नाही, तिच्या अलीकडच्या कॉम्प्रेसरवर जाते. जमिनीतला वायू मुळातच दाबाखाली असतो. भट्टीचा धूर तसा नसतो. त्यात कार्बन डायऑक्साइड शंभरात जेमतेम दहा-पंधरा भाग, बाकी बहुतेक नायट्रोजन, पण दाबावं लागणार सगळ्यालाच. वर ओल आहेच. साध्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक पावसाळ्यात उघडून पाहा, तांबूस पाणी भस्सकन अंगावर येतं.

शिवाय पोलादासाठी जालना भंगार वितळवतं ते विजेवर. टनामागे सहाशेच्या आसपास युनिटं धरा. आपल्या विजेत कोळशाचा वाटा इतका, की युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे टनाला चारशे किलोंच्या वर, आणि तो निघतो चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणच्या धुराड्यांतून. इथे पकडणार काय?

इथला थेट धूर मुख्यतः बिलेट, म्हणजे पोलादाच्या ओतीव कांड्या, तापवणाऱ्या भट्टीचा. लालबुंद बिलेट यार्डात टाकून गार करायचं आणि मग इंधन जाळून पुन्हा अकराशे अंशांपर्यंत न्यायचं, हा उद्योग मला कधीच पटला नाही. गरम बिलेट थेट मिलला दिलं की ही भट्टी पेटवायचं कारणच उरत नाही. बिलेट ओतणारा कास्टर अडला की मिल उभी राहते, मिस्त्री शिव्या घालतो, हे खरं. तरी वेळ जुळवता येते. काही कारखान्यांनी जुळवलीही आहे.

  

नळीची चाचणी घ्यायचीच तर चंद्रपूरकडच्या सिमेंट भट्टीवर घ्या. तिथल्या धुरात कार्बन डायऑक्साइड शंभरात वीसच्या पुढे असतो. कार्बन पकडण्याचं राष्ट्रीय केंद्र आयआयटी मुंबईत आहेच. जालन्याला अनुदान द्यायचं तर ते कास्टरपासून मिलपर्यंतच्या रोलर टेबलला द्या.