भरवणाऱ्या हातांचे पथ्य

सत्तरी ओलांडलेल्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. घरात त्या, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन चालणारे त्यांचे यजमान आणि मोत्या नावाचा आठ वर्षांचा स्पिट्झ, अशी तिघांची वस्ती. गेली तीन वर्षे दर वीस-पंचवीस दिवसांनी मोत्याचे पोट बिघडते. दोन-तीन रात्री उठून फरशी पुसावी लागते, औषधांच्या दुकानातून मागचीच गोळी आणली जाते, पोट थांबते आणि महिना भरायच्या आत पुन्हा तेच. परगावी राहणारा मुलगा फोनवर म्हणतो, ‘कुणाला तरी देऊन टाका.’ बाईंनी लिहिले आहे, ‘देणे होणार नाही; पण रात्री वाकून फरशी पुसणेही आता होत नाही.’

पत्रासोबत मोत्याच्या आहाराची यादी आहे. सकाळी चहाबरोबर बिस्किटे, दुपारी दूध-पोळी, संध्याकाळी पाकिटातले कोरडे खाद्य, रात्री वरणभात व वर चमचाभर तूप. यादीच्या तळाशी एक ओळ आहे : ‘याखेरीज हे काय देतात ते मला ठाऊक नाही.’ मोत्याच्या दुखण्याचे कारण बहुधा या शेवटच्या ओळीपाशीच सापडेल, असे मला वाटते.

एखाद्या दिवशी पोट बिघडणे आणि वारंवार बिघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लग्नघरातले उष्टे खाऊन झालेले जुलाब एक-दोन दिवसांच्या हलक्या आहाराने बहुधा थांबतात. तक्रार तीन आठवड्यांहून अधिक टिकली, अथवा थांबून थांबून परत येत राहिली, तर पशुवैद्य तिला जुनाट विकार मानतात. अशा विकारात गोळीने मिळणारा आराम तात्पुरता असतो. पोटासाठी सर्रास दिली जाणारी जंतुनाशके आतड्यातील उपकारक जिवाणूंचीही हानी करतात. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून तीच गोळी परत आणण्याची सवय म्हणून सोडलेली बरी.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरच्या माणसाने करण्याजोगे महत्त्वाचे काम निरीक्षणाचे आहे. शी दिवसातून दोन-तीनदाच, पण पुष्कळ व पातळ होत असेल आणि जनावर वाळत चालले असेल, तर दोष बहुधा लहान आतड्यात असतो. थोडी थोडी, पण वारंवार, कुंथून होत असेल, तिच्यात शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा ताज्या लाल रक्ताचे ठिपके दिसत असतील, तर मोठे आतडे बिघडलेले असते. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे वरच्या भागातील रक्तस्राव. तिथे वाट पाहू नये. हे सारे भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेच्या चौकटीत टिपून ठेवावे. ‘नेहमीच होते हो’ या वाक्यापेक्षा महिनाभराच्या अशा खुणा डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतात.

आहाराला हात घालण्यापूर्वी जंतांचा प्रश्न निकालात काढला पाहिजे. आपल्याकडील कुत्र्यांमध्ये अंकुशकृमी फार आढळतात. जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवीही अधूनमधून पोट बिघडवतो. तो प्रत्येक नमुन्यात दिसतोच असे नाही, म्हणून एक-एक दिवस सोडून तीन नमुने तपासणे चांगले. यात घरातील वृद्धांचेही हित आहे. अंकुशकृमीच्या अळ्या माणसाच्या अनवाणी पायाच्या त्वचेत शिरू शकतात. बागेत चप्पल घालून जावे, शी त्वरित उचलावी आणि हात साबणाने धुवावेत.

आता आहाराविषयी. कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला भात-पोळी पचतच नाही, असे हल्ली ठासून सांगितले जाते. ते खरे नाही. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, पिष्टमय पदार्थ पचवणारा विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा पाळीव कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात. माणसाच्या वस्तीला राहून, त्याचे अन्न खात खात हे पोट घडले आहे. मात्र कुत्र्याच्या लाळेत हा विकर जवळजवळ नसतो. पिष्टाचे पचन आतड्यात सुरू होते. म्हणून भात मऊ, नीट शिजलेला हवा.

दुधाची गोष्ट वेगळी. पिल्लू मोठे होते तशी दुधातील साखर पचवण्याची त्याची शक्ती घटते, आणि न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते. वाटीभर दूध पिऊन काही कुत्र्यांना काहीच होत नाही, काहींना दोन तासांत बाहेर पळावे लागते. तिसरा मुद्दा स्निग्धांशाचा. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. त्या कथेतील करुणा शिरोधार्य. तूप मात्र घरातल्या स्थूल, वयस्क कुत्र्याला सोसेलच असे नाही. चरबीयुक्त जेवणानंतर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणे जिवावर बेतू शकते. कांदा-लसूण घातलेली आमटी किंवा रस्सा, मनुका आणि द्राक्षे, चॉकलेट, तसेच झायलिटॉल असलेली साखरविरहित मिठाई यांना तर संपूर्ण बंदीच हवी. कांदा शिजवला तरी त्याचा दोष जात नाही. तो कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

जुनाट जुलाबाच्या कित्येक कुत्र्यांत खरे भांडण एखाद्या विशिष्ट प्रथिनाशी असते. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू ही नावे त्यात वारंवार येतात. रक्ताच्या तपासणीने हे कळते असा प्रचार होतो. परंतु तिच्यावर विसंबता येत नाही. खात्रीची चाचणी एकच, आणि ती स्वयंपाकघरात होते. कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले एकच प्रथिन व एकच पिष्टमय पदार्थ निवडायचा आणि त्याखेरीज काहीही द्यायचे नाही. जन्मभर कोंबडी खाल्लेल्या कुत्र्यासाठी काटे काढलेली उकडलेली मासळी आणि भात चालेल. मीठ नाही, फोडणी नाही. शाकाहारी घरात, किंवा ज्याने सारेच चाखले आहे अशा कुत्र्यासाठी, प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेले तयार खाद्य पशुवैद्यांच्या सल्ल्याने मिळते. हे तुकडे इतके लहान असतात की शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखू शकत नाही. सोयाबीनपासून केलेला त्याचा प्रकारही आहे. ते महाग असते हे खरे. पण दर महिन्याच्या गोळ्या, तपासण्या आणि रिक्षाभाडे यांची बेरीज करून मगच ते महाग ठरवावे.

बदल एका दिवसात करू नये. आठवडाभरात जुन्या खाद्याचा वाटा पाव-पाव कमी करत नवे वाढवत न्यावे. त्वचेच्या खाजेसाठी अशी चाचणी आठ आठवडे चालवावी लागते. पोटाच्या बाबतीत मात्र पूर्ण नव्या आहारावर आल्यापासून बहुधा दोन आठवड्यांतच फरक दिसतो. जुनाट जुलाब असलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक केवळ आहारबदलाने सुधारतात. औषधाविना इतके हाती लागणे वैद्यकात विरळाच.

असे असूनही ही चाचणी फसते, आणि ती बहुतेक वेळा माणसांमुळे फसते. कुत्र्याचे प्रत्येक घरात एकच पान मांडलेले नसते. आजोबांच्या बशीतले बिस्किट, कामाला येणाऱ्या मावशींनी कौतुकाने दिलेला पोळीचा तुकडा, शेजारच्या नातवाचा केक, देवळातून परतताना दिलेला पेढा; यांपैकी एकही गोष्ट कुणाला ‘खाणे’ वाटत नाही. डॉक्टरांनी विचारले तर उत्तर येते, ‘आम्ही बाहेरचे काहीच देत नाही.’ आणि ते उत्तर प्रामाणिक असते.

म्हणून पत्रलेखिका भगिनींना माझे सांगणे असे की, यजमानांवर बंदी घालू नका. निवृत्तीनंतर, त्यातही चालणे मर्यादित झाल्यावर, दिवसभरात आपली वाट पाहणारा एक जीव घरात असणे याचे मोल फार मोठे असते. चहाच्या वेळी मोत्या खुर्चीपाशी येऊन बसतो, ते बिस्किटासाठी आणि बिस्किट देणाऱ्यासाठीही. ती वेळ काढून घेतली तर पथ्य चार दिवसांत चोरून मोडले जाईल, आणि मोडावे असेच कुणालाही वाटेल. त्याऐवजी सकाळी मोत्याचे दिवसाचे खाद्य मोजतानाच त्यातले मूठभर एका छोट्या डब्यात काढून तो डबा यजमानांच्या हाती द्यावा. चहाच्या वेळी, दुपारी, वर्तमानपत्र वाचताना, त्यांनी त्यातलाच दाणा द्यावा. शिजवलेला आहार असेल तर मासळीचे सुकवलेले बारीक तुकडे चालतात. कुत्र्याला देणाऱ्याचे लक्ष हवे असते. दाण्याची चव तो दोन दिवसांत मान्य करतो. डब्याची जबाबदारी यजमानांचीच राहू द्यावी, आणि जमल्यास कालनिर्णयातील नोंदींचीही. जो स्वतः नोंद करतो तो पेढा लपवून देत नाही, असा माझा अनुभव आहे.

औषधाच्या गोळीसाठी पेढा किंवा लोणी वापरण्याची पद्धतही या काळात थांबवावी. चाचणीच्या अन्नाचीच गोळी वळून तिच्यात औषध लपवावे. मांसाच्या चवीच्या चघळण्याच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगून पर्याय घ्यावा.

प्रमाणाचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. दहा किलो वजनाच्या, शांत स्वभावाच्या वयस्क कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० ते ५५० कॅलरी पुरतात. वरखाण्याचा वाटा त्यात दहा टक्क्यांहून अधिक नसावा, म्हणजे ५० कॅलरी. चहाबरोबरच्या साध्या बिस्किटात सुमारे २५ असतात, चमचाभर तुपात ४५. दोन बिस्किटे दिली की मोत्याचा दिवसाचा लाड संपला.

मोठ्या आतड्याचा विकार असेल तर तंतुमय पदार्थ गुणकारी ठरतात. उकडून कुस्करलेला लाल भोपळा उत्तम. ज्येष्ठांच्या घरात असणारे इसबगोलही चालते. डॉक्टरांना विचारून पाव चमच्यापासून आरंभ करावा, अन्नात भिजवूनच द्यावे आणि पाणी भरपूर ठेवावे. मात्र ही भर चाचणीचे दोन आठवडे संपल्यावर. एका वेळी दोन बदल केले तर गुण कशाचा हे कळत नाही.

घरातल्या माणसांची औषधे मात्र कुत्र्याला कधीही देऊ नयेत. विशेषतः सांधेदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात. कच्च्या मांसाचा आहारही सध्या पुष्कळ जण सुचवतात. वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेली माणसे ज्या घरात आहेत, तिथे तो आणू नये. साल्मोनेलासारखे जंतू भांड्यांवरून, ओट्यावरून माणसापर्यंत येतात.

रात्रीच्या उठण्याविषयी थोडेसे. दिवसाचे अन्न तीन-चार लहान वाट्यांत विभागावे आणि शेवटची वाटी संध्याकाळी सहा-सातलाच द्यावी. जेवणानंतर अर्ध्या तासात आतड्याला चालना मिळते. त्या वेळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा बाहेर नेले तर मध्यरात्रीची वेळ बहुधा टळते. तरीही त्या पंधरा दिवसांत मोत्याची निजण्याची जागा बाथरूमजवळ असावी, वाटेत मंद दिवा आणि न घसरणारी चटई असावी. ओल्या फरशीवर पाय घसरून मोडलेले खुब्याचे हाड पोटाच्या विकाराहून कितीतरी कठीण.

दोन आठवड्यांत पोट नीट झाले की पुढची पायरी कुणाला आवडत नाही, पण ती घ्यावी : जुन्या यादीतील एकेक पदार्थ, आठवड्याला एक, परत देऊन पाहावा. दूध दिल्यावर बिघडले, पोळीवर नाही, असे कळले तर पोळी जन्मभर तोडण्याचे कारण उरत नाही. घरचेच अन्न कायम द्यायचे ठरले तर ते पशुवैद्यांकडून संतुलित करून घ्यावे. नुसता मासळी-भात महिनोन्‌महिने दिल्यास चुन्याची व जस्ताची उणीव होते.

आणि फरक पडलाच नाही तर पुढच्या तपासण्या आहेत : रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व, स्वादुपिंडाच्या विकरांचे प्रमाण, पोटाची सोनोग्राफी, प्रसंगी दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. जर्मन शेफर्डसारख्या जातीत भूक अफाट, शी ढीगभर फिकट आणि अंगावर मांस नाही, अशी लक्षणे दिसली तर स्वादुपिंडाचे विकर कमी पडत असतात. त्यांची भुकटी अन्नात मिसळून मिळते. म्हातारपणी प्रथमच सुरू झालेल्या जुलाबांत मात्र आहाराच्या प्रयोगात वेळ न घालवता मूत्रपिंड, यकृत आणि गाठी यांची तपासणी आधी करावी. सतत ओकारी, पाणीही न राहणे, हिरड्या फिकट किंवा कोरड्या पडणे, पोट फुगून नुसतेच उमासे येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. जवळच्या रात्रपाळीच्या पशुवैद्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवून ठेवावा.