बर्फाच्या पेटीचा वाली कोण?

आपल्या देशात नारळ फोडायला माणसे कधी कमी पडत नाहीत. १२ जानेवारी २०२१ रोजी भल्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोरोनाच्या लसीच्या गाड्या बाहेर पडल्या, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांची पूजा झाली आणि साऱ्या देशाने तो सोहळा दूरचित्रवाणीवर डोळे भरून पाहिला. त्यात हसण्यासारखे काही होते असे मी म्हणणार नाही. संकटाच्या काळात माणसाला कशाला तरी हात जोडावेसे वाटतात, आणि त्या गाड्यांत खरोखरच हात जोडावे असे काही होते. परंतु गाडी विमानतळावर जाते. तेथून माल राज्याच्या साठ्यात, राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राला, आणि अखेरीस कोणाच्या तरी खांद्याला अडकवलेल्या निळ्या पेटीतून एखाद्या पाड्यावर जातो. त्या शेवटच्या पेटीपुढे आजवर कोणी नारळ फोडला आहे काय? नारळाचे सोडा, त्या पेटीचे झाकण नीट बसते की नाही, याची तरी चौकशी कोणी केली आहे काय?

माझा आरोप साधा आहे. लस निर्माण करणाराचा आपण गौरव करतो, ती टोचतानाचे छायाचित्र काढतो, आणि या दोहोंच्या मधला जो प्रवास, ज्याच्यावर लसीचे जगणे-मरणे अवलंबून आहे, तो मात्र वाऱ्यावर सोडतो.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीत पडलेला आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मी माणूस. "तुला यातले काय कळते?" असे कोणी विचारील, तर मी एवढेच म्हणेन की वयाच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना जी धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, ती पुष्कळदा शाळेतच देतात. माझ्याच वर्गात बाके भिंतीला सरकवून हा कार्यक्रम होतो. मुलांचे दंड मी धरतो, रडणाऱ्याला गोष्ट मी सांगतो. ज्याच्या शब्दावर चाळीस पोरे बाही वर करतात, त्याला त्या कुपीत काय उरले आहे हे विचारण्याचा अधिकार आहे, असे मी समजतो.

लस हा नाजूक जिन्नस आहे. बहुतेक लसी अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअस एवढ्या अरुंद पट्ट्यात जगतात. उन्हाने मेलेली लस नासलेल्या दुधासारखी फाटत नाही, तिला वास येत नाही, तिचा रंग बदलत नाही. ती पूर्वीसारखीच कुपीत असते, तशीच सुईतून उतरते, मूलही तसेच रडते, आणि आईच्या हातातल्या कार्डावर खूण होते. फक्त रोगाशी लढण्याचे तिच्यातले सामर्थ्य गेलेले असते. म्हणजे आपण त्या आईला विष देत नाही. खोटे वचन देतो. पुढे गोवराची साथ आली आणि ते मूल तापाने फणफणले, म्हणजे ती माउली वेशीवर उभी राहून म्हणते, "टोचून काय उपेग झाला?" पुढल्या खेपेस आळीतली दहा दारे बंद होतात, आणि आपण शहाणी माणसे वर्तमानपत्रातून लिहितो की खेड्यातली जनता अडाणी आहे.

यावरून लस घेऊच नये असा अर्थ कोणी काढील, तर त्याच्याशी मला बोलायचे नाही. दूध कधी नासते म्हणून कोणी गाय विकीत नाही.

ही गोष्ट काही नवी नाही. हिंदुस्थानात देवीची लस प्रथम आली ती याच थंडाव्याच्या अभावी मरत मरत. समुद्रमार्गे पाठवलेली लस वाटेतच निर्जीव होई. अखेर व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा पल्ला गाठून ती मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागली. तिच्या फोडातली लस दुसऱ्या मुलांना, त्यांच्याकडून तिसऱ्यांना, अशी ती पुण्या-सुरतेकडे आणि मद्रासेकडे गेली. यंत्रे नव्हती, बर्फ नव्हता. मुलांचे दंड हीच त्या काळची शीतपेटी होती. जेन्नरचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे, आणि ते असावेच. पण ज्या लेकरांच्या दंडावरून ती लस देशभर चालत गेली, त्यांतले या एका पोरीखेरीज दुसरे नाव कितीजणांना ठाऊक आहे?

दुसरी कथा शंभर वर्षांनंतरची. प्लेगवरची लस हाफकिनने १८९७ साली मुंबईत तयार केली आणि प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली तेव्हाच्या पंजाबातल्या मुलकोवाल या गावी त्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले. पुढे निघाले ते असे, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरला तो १९०७ साली. परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव मिळाले १९२५ साली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, एवढी मोठी प्रयोगशाळा, आणि सर्व श्रेय धुळीला मिळाले ते बाटली उघडण्याच्या ठिकाणी! पण यापासून आपण काय शिकलो? शेवटच्या हाताची काळजी घ्यावी हे नव्हे; काही चुकले की शेवटच्या हाताला फाशी द्यावे, एवढेच.

पुढे देवीचा रोग हटला, त्याचे एक कारण असे की तिची लस वाळवून भुकटीच्या रूपात नेता येऊ लागली आणि ती उन्हाळा सोसू शके. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. पण सगळ्याच लसी इतक्या सोशीक नसतात. पोलिओचे थेंब तर उन्हाला सर्वांत हळवे. तरीही २७ मार्च २०१४ रोजी आपल्या भागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ते बर्फाच्या पेट्या घेऊन दारोदार हिंडलेल्या माणसांच्या पायांवर. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असे मुळीच नाही. मोहीम म्हटली की जमते. रोजचा मंगळवार-बुधवार म्हटला की अंगावर काटा येतो.

आणि हे रोजचे काम केवढे! १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातून आज बारा रोगांवरच्या लसी मिळतात. दरसाल सुमारे २.६ कोटी बाळांपर्यंत त्या पोचवायच्या असतात. देशभर लस साठवण्याची ठिकाणे २९ हजारांच्या घरात आहेत. आरोग्य केंद्रात वरून झाकण उघडणारा जो फ्रिज असतो, त्याला ही मंडळी आयएलआर म्हणतात. त्याच्या भिंतींना आतून बर्फाचे अस्तर असते. दिवसाकाठी आठ तास वीज आली तरी तो लस सांभाळतो. आपल्या देशाची नाडी ओळखून बनवलेले यंत्र! यंत्राविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती यंत्र बसले की काम झाले असे मानणाऱ्या वृत्तीविषयी. फ्रिजच्या उद्घाटनाला पुढारी येतात. त्याचा थर्मोस्टॅट बिघडला म्हणजे जिल्ह्याला साधारणतः एकच असलेल्या तंत्रज्ञाची वाट पाहत नर्सबाई बसतात.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेतलाच पाहिजे. "थंड ठेवायचे ना, मग ठेवा भरपूर बर्फ!" असे पुष्कळांना वाटते. पण धनुर्वात, कावीळ-ब, पंचगुणी या लसी गोठल्या की मरतात. त्यांत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठून वितळल्यावर त्याच्या गुठळ्या होतात, आणि मग ती लस कितीही जपली तरी व्यर्थ. म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक तसेच पेटीत घालायचे नसतात. ते बाहेर ठेवायचे, बर्फ सुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खुळखुळले की मगच लस ठेवायची. सकाळची वेळ, बाहेर मोटारसायकलवाला घाई करतो आहे, वरून फोन येतो आहे की "अजून निघाला नाहीत?", आणि एक बाई बर्फाचा पॅक कानाशी धरून पाण्याच्या आवाजाची वाट पाहत उभी आहे! राष्ट्रीय कार्यक्रमाचे यश त्या घटकेला त्या बाईच्या कानावर टांगलेले असते. आणि आपण तिला शिकवतो काय? लवकर निघायला.

कुपीवरचे चिन्ह सर्व सांगते, असेही मला ऐकवण्यात येते. वर्तुळातला फिकट चौकोन उन्हाने गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाला मिळाला की कुपी टाकून द्यायची. ही युक्ती फार सुंदर आहे, आणि निरक्षर माणसालाही वाचता येईल अशी आहे. परंतु ती उष्णतेची साक्ष देते. गोठण्याची देत नाही. २०१५ पासून आलेल्या ई-विन या व्यवस्थेने फ्रिजचे तापमान मोबाइलवर दिसू लागले, आणि ते बिघडले की इशारा जातो, हेही मी नाकारीत नाही. पण इशारा म्हणजे दुरुस्ती नव्हे. शिवाय तो पहारा फ्रिजपाशी संपतो. तेथून पुढे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून, नर्मदेच्या फुगवट्यावरून होडीने जी पेटी जाते, तिच्यावर पहारा कोणाचा? ज्याला फेरीमागे किरकोळ रक्कम मिळते आणि तीही वेळेवर मिळेलच असे नाही, त्या माणसाच्या सद्बुद्धीचा!

आता मला जे सर्वांत झोंबते ते सांगतो. एका आरोग्य केंद्रात (नाव सांगत नाही, कारण ते कोणतेही असू शकते) फ्रिजवर तापमानाचा तक्ता लावला होता. सकाळ-संध्याकाळचे आकडे एकाच शाईत, एकाच वळणाचे, आणि झाडून सारे चार! तारीख होती सव्वीस आणि तक्ता भरला होता एकतिसापर्यंत. मी मास्तर आहे. जन्म हजेरीपट भरण्यात गेला. एका बैठकीत भरलेला कागद मला दुरून ओळखता येतो.

पण त्या तक्ता भरणाऱ्यावर मी दात खाणार नाही. त्याने एखाद्या दिवशी अकरा लिहिले असते तर काय झाले असते? फ्रिज दुरुस्त झाला असता काय? नव्हे, त्याला खुलासा मागितला गेला असता. ज्या व्यवस्थेत खरा आकडा लिहिणारा गुन्हेगार ठरतो आणि खोटा लिहिणारा कार्यक्षम, तेथे सगळे आकडे चारच असणार. शाळेतही तेच, कचेरीतही तेच. फरक एवढाच की माझ्या खोट्या हजेरीने मूल अडाणी राहते, आणि त्या खोट्या चाराने ते मरू शकते.

"गरीब देशाला एवढे कसे परवडावे?" हा प्रश्न आता पुढे येईल. मला वाटते, हा प्रश्न विचारणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. लस विकत घेण्यास पैसा आहे, ती मारून टाकण्यास आहे, मेलेली टोचण्यास आहे. जगवण्यासाठी तेवढा नाही! एक कळ, एक तार, तालुक्याला एक शिकलेला मेकॅनिक, पेटी वाहणाराला वेळेवर मजुरी: यात न परवडण्यासारखे काय आहे? शीतसाखळीच्या दुरुस्तीचे शिक्षण देणारे केंद्र तर आपल्या पुण्यातच आहे. अडते ते पैशापाशी नव्हे. दुरुस्तीच्या कामाला कोनशिला बसवता येत नाही, येथे अडते.

म्हणून माझे मागणे तीनच आहे. पहिले, नवा फ्रिज मंजूर होताना त्याच्या पुढल्या दहा वर्षांच्या दुरुस्तीचा पैसाही त्याच कागदावर मंजूर व्हावा. दुसरे, वाईट आकडा कळवणाराला खुलासा न मागता चोवीस तासांत माणूस धाडावा; खुलासा मागायचाच तर तो न धाडणाऱ्या वरिष्ठाला मागावा. तिसरे, पेटी वाहणाऱ्या माणसाला शिक्षण, ठरलेला पगार आणि नाव असावे. आम्ही कादंबरीकारही यात सुटत नाही. मराठी कादंबरीत ध्येयवादी डॉक्टर पुष्कळ झाले. पेटी घेऊन ओढा ओलांडणारा माणूस नायक झालेला मी तरी वाचला नाही.

आणि वाचकहो, हे सारे डोंगरातल्या लोकांचे दुःख आहे, असे समजून पान उलटू नका. तुमच्या नातवाला ज्या खाजगी दवाखान्यात लस देता, तेथला फ्रिज पाहिला आहे काय? तो घरगुती तर नाही ना? लस त्याच्या दारातल्या कप्प्यात, प्रत्येक उघडझापीसरशी गरम हवा खात तर पडली नाही ना? रात्री दवाखान्याची वीज गेली, तर ते सकाळी कोणाला कसे कळते? भरमसाट पैसे मोजता, तर हे विचारायला भिडू नका. आणि खेड्यातल्या आपल्या गावी जत्रेला जाल, तेव्हा आरोग्य केंद्रातही डोकवा, सिस्टरला नमस्कार करा आणि तक्ता पाहायला मागा. त्यावर एखाद्या दिवशी अकरा लिहिलेले आढळले आणि त्यापुढे फ्रिज दुरुस्त झाल्याची तारीखही आढळली, तर तेथे खुशाल नारळ फोडा. तो मी आनंदाने आणून देईन.