हळदीचे बीट आणि संगणकावरची बोली

आपल्या घरांतील मुलांच्या कानांवर लिलावाचा पहिला शब्द पडतो तो बाजार समितीच्या आवारात नव्हे, तर मंदिरात. अभिषेकाच्या पहिल्या कलशाची बोली, आरतीची बोली, पर्युषणातील चौदा स्वप्नांची बोली. श्वेतांबर परंपरेत अनेक ठिकाणी आजही ही बोली रुपयांत न बोलता तुपाच्या मणांत बोलली जाते, आणि नव्याने आलेल्या पाहुण्याला हा हिशेब समजावून सांगताना वडीलधाऱ्यांना मोठी मौज वाटते. त्या बोलीचे वैशिष्ट्य असे की बोलणारा कोण, कोणाचा मुलगा, त्याची पेढी कोणती, हे सभेतील प्रत्येकास ठाऊक असते. बोललेली रक्कम थकवणे हा केवळ व्यवहारातला नव्हे, तर धर्मातला दोष मानला जातो. बोलीच्या मागे माणूस उभा असतो.

संगणकावरच्या बोलीमागे कोण उभा आहे, हाच या वेळच्या लेखाचा विषय आहे. हिंगोली जिल्ह्यातील आपल्या तरुण व्यापाऱ्यांमध्ये अलीकडे एक प्रश्न वारंवार चर्चेला येतो: हळद, सोयाबीन, तूर यांची ऑनलाइन विक्री इ-नामपुरती ठेवावी, की आणखी दुसऱ्या लिलाव-व्यवस्थांवरही माल मांडावा? वडील मंडळी म्हणतात, आपले बीट बरे. मुले म्हणतात, बीट म्हणजे चार ओळखीचे खरेदीदार. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद घरोघरी जेवणाच्या ताटापर्यंत जातो.

बिटाचे मोल प्रथम समजून घ्यावे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतला हळदीचे ढीग पडतात, खरेदीदार कांडी हातात घेऊन मोडून पाहतो, तिचा आवाज ऐकतो, आतला रंग पाहतो, आणि मग बोली सुरू होते. कांडी निराळी, बंडा निराळा. ओलाव्याचा अंदाज बोटांना असतो. ही उघडी बोली मुळात सुधारणाच होती. पूर्वी महाराष्ट्रातील अनेक पेठांत हत्ता पद्धतीने सौदे होत. रुमालाखाली बोटांना बोटे लागत आणि माल ज्याचा तो शेतकरी बाजूला उभा राही. त्याला भाव कळे तो सौदा झाल्यावर. त्या रुमालातून आपण बाहेर आलो, हे आपल्याच समाजातील जुन्या आडत्यांनी अभिमानाने सांगावे असे आहे. मात्र हेही खरे की उघड्या बोलीतही चार खरेदीदार सकाळी चहाच्या टपरीवर एकत्र बसले, तर दुपारचा भाव कुठवर चढेल ते तिथेच ठरू शकते.

केंद्र सरकारने 14 एप्रिल 2016 रोजी इ-नाम सुरू केले ते मुख्यतः यासाठी. आरंभी आठ राज्यांतील 21 बाजार समित्या त्यात होत्या. हळदीचे निजामाबाद त्यांपैकीच एक. आज ही संख्या तेराशेच्या पुढे गेली आहे. पद्धत सोपी आहे. फाटकावर मालाची नोंद, त्या ढिगाला क्रमांक, नमुन्याची तपासणी, मग ठरलेल्या वेळेपर्यंत संगणकावर वा मोबाइलवर बोली. शेवटी सर्वांत वरची बोली, वजन, बिल आणि बँकेतून पैसे. कोण किती बोलला हे दुसऱ्या बोलणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे डोळ्याच्या खुणांना वाव उरत नाही. शेतमालाच्या ऑनलाइन लिलावात आज हीच सर्वांत मोठी व्यवस्था आहे. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: बहुतांश सौदे अजून त्याच बाजार समितीतल्या खरेदीदारांतच होतात. परराज्यातला व्यापारी न पाहिलेल्या मालावर बोली लावायला कचरतो, कारण तपासणीच्या कागदावर त्याचा विश्वास बसलेला नाही. शिवाय ती मूलतः शेतकऱ्याच्या पहिल्या विक्रीची व्यवस्था आहे. आपण बिटावर घेऊन गोदामात ठेवलेला माल पुढे विकायचा तर त्यासाठीची सोय नंतर आली: 2020 मध्ये गोदामाच्या इलेक्ट्रॉनिक पावतीवर विक्री करण्याची मुभा इ-नाममध्ये जोडली गेली.

एकाच मोठ्या दुकानावर विसंबण्यात काय धोका असतो, याचे उदाहरण आपल्याकडे घडून गेले आहे. 2000 साली मुंबईत ‘बाझी’ नावाचे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. 2004 मध्ये अमेरिकेच्या ‘इबे’ कंपनीने ते सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतले आणि पुढची कितीतरी वर्षे भारतात ऑनलाइन लिलाव म्हणजे इबे असेच समीकरण होते. जुनी नाणी, टपाल तिकिटे, घड्याळे, साड्या, नकली दागिने, सगळे तिथे विकले जाई. 2017 मध्ये तो व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि 14 ऑगस्ट 2018 रोजी इबेचे भारतातले दुकान बंद झाले. विक्रेत्यांनी वर्षानुवर्षे मिळवलेले तारांकन, ग्राहकांचे अभिप्राय, ती सारी पत त्या दुकानाच्या भिंतीवर लिहिलेली होती. भिंत पडली तेव्हा ती उचलून दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. ज्यांचे ग्राहक स्वतःच्या वहीतही नोंदलेले होते ते तरले. पेढी चालवणाऱ्याला याहून अधिक समजावण्याची गरज नाही: गाळा भाड्याचा असू शकतो, खातेवही आपलीच हवी.

दुसरी दारे कोणती, तर पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचा उंबरठा निराळा. एनसीडेक्सच्या कुटुंबातील ‘नेमल’ ही कंपनी हजर मालाचे ऑनलाइन लिलाव घेते. कर्नाटकातील बाजार समित्यांना जोडणारी व्यवस्था 2014 मध्ये तिच्याच भागीदारीतून उभी राहिली. नाफेड आपल्याकडील कडधान्ये आणि भारतीय कापूस महामंडळ आपल्या गाठी इ-लिलावाने विकते, म्हणजे आपल्या डाळमिल आणि जिनिंगवाल्यांना खरेदीदार म्हणून ही दारे आधीच परिचयाची आहेत. जुनी यंत्रे, भंगार विकायचे तर ‘एमएसटीसी’ ही केंद्राची कंपनी आहे. वायदेबाजार मी येथे मुद्दाम बाजूला ठेवतो. निजामाबादच्या भावावर चालणारा हळदीचा वायदा हा माल विकण्याचा मार्ग म्हणून थोडेच वापरतात, आणि बाकीचे ज्यासाठी वापरतात त्याला आपल्या आजोबांनी ‘सट्टा’ हाच शब्द वापरला असता.

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरा निर्णय तिथे होतो. समजा आपल्या गोदामातील कांडीला स्थानिक खरेदीदार क्विंटलला 13,200 रुपये देतो आणि बाहेरच्या लिलावात दूरचा खरेदीदार 13,900 बोलतो. सातशे रुपयांचा फरक पाहून मुलगा हरखून जातो. त्यातून वाहतूक क्विंटलला 250 धरा. व्यवस्थेचे शुल्क एक टक्का म्हणजे 139. वाटेत एक टक्का वजनघट, पुन्हा 139. स्थानिक पैसे आज, तिकडचे बारा दिवसांनी. दरसाल बारा टक्क्यांनी व्याज सुमारे 55. बेरीज 583. उरले 117 रुपये. शंभर क्विंटलला 11,700, वाईट नाही. पण माल पोहोचल्यावर खरेदीदाराने ओलावा जास्त आहे असे सांगून दोन टक्के कापले, तर 278 रुपये जातात आणि त्याच शंभर क्विंटलवर 16,100 रुपये पदरचे भरावे लागतात. ही आकडेवारी केवळ उदाहरणाची आहे. आपले आकडे आपण घालावेत. पण यातून दिसते ते असे की बाहेरच्या लिलावात नफा बोलीच्या उंचीवर अवलंबून नाही, तो माल पोहोचल्यानंतरच्या वादावर अवलंबून आहे. म्हणून कोणत्याही नव्या व्यवस्थेत पाऊल ठेवण्याआधी एकच नियम वाचायचा असेल, तर वाद झाल्यास फेरतपासणी कोण करतो आणि तोवर पैसे कोणाच्या हातात राहतात, हा वाचावा.

पैसे कोणाच्या हातात, या प्रश्नाची किंमत व्यापारी घराण्यांनी 2013 मध्ये मोजली आहे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवर त्या वर्षी 31 जुलैला व्यवहार थांबले आणि सुमारे 13,000 गुंतवणूकदारांचे 5,600 कोटी रुपये अडकले. कागदावर गोदामे मालाने भरलेली होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो माल नव्हताच. जिथे आज घेऊन काही दिवसांनी विकण्याचे दोन्ही सौदे एकदमच होत आणि ठरलेला परतावा मिळे, तिथे मालाकडे पाहायला कोणी जात नव्हते. त्यानंतर गोदाम विकास आणि नियामक प्राधिकरणाची मान्यता असलेल्या गोदामाचीच पावती धरावी, हा शहाणपणा रुजला. नव्या लिलाव-व्यवस्थेचा मनुष्य पेढीवर येऊन माहितीपत्रक ठेवील, तेव्हा त्याला चहा जरूर पाजावा, पण गोदामाची किल्ली कोणाकडे आणि खात्यातील रकमेवर सही कोणाची, हे विचारल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये.

आता मालाच्या वर्णनाविषयी, जिथे मला अधिक थांबावेसे वाटते. बिटावर माल स्वतःच बोलतो. संगणकावर त्याच्या वतीने आपण लिहितो. अचौर्याणुव्रताचे जे अतिचार आपल्याकडे सांगितले आहेत, त्यांत वजनमापातील कमी-अधिक आणि हलका माल चांगल्याच्या नावाने देणे हे दोन्ही येतात. ज्यांनी हे लिहिले त्यांच्यासमोर ताजवा होता, छायाचित्र नव्हते. तरी ढिगावरची निवडक कांडी उजेडात ठेवून घेतलेले छायाचित्र त्या दुसऱ्या अतिचारात बसते, याविषयी मला शंका वाटत नाही. तसेच भाव चढावा म्हणून मेहुण्याच्या किंवा कारकुनाच्या नावाने आपल्याच मालावर बोली लावणे. मंदिरात असे कोणी केले तर आपण त्याला पुन्हा तोंड दाखवू देणार नाही. लिलाव-व्यवस्था हे पकडतात आणि खाते बंद करतात. पण पकडले जाण्याचा प्रश्न नंतरचा आहे.

व्यवहाराच्या दृष्टीनेही खरे वर्णन स्वस्त पडते. हळदीतील कुरकुमिनचे प्रमाण, ओलावा आणि शिसे यांची प्रयोगशाळेतील तपासणी करून तो दाखला मालासोबत जोडला, तर दूरच्या खरेदीदाराला बोटांची गरज उरत नाही. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीला लेड क्रोमेट लावण्याचे प्रकार उपखंडात उघडकीस आल्यापासून परदेशी खरेदीदार शिशाचा आकडा आधी पाहतो. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सांगलीला ते 2018 मध्येच मिळाले होते, आणि सांगलीची तर पेठ, साठवणूक, नाव सगळेच जुने. त्या नावाशी बरोबरी करायची तर वसमतचा शिक्का असलेल्या पोत्यात वसमतचाच माल असला पाहिजे. शेजारच्या जिल्ह्यातला स्वस्त ढीग त्यात मिसळला की सगळ्यांचेच नाव जाईल. आणि आडत्याच्या खात्यावर विकला जाणारा माल शेतकऱ्याचा असतो, हे विसरता येत नाही. त्याच्या मालाला बाहेर शंभर रुपये अधिक मिळू शकत असताना आपण केवळ सवयीने बिटावरच थांबलो, तर नुकसान आपले नव्हे, त्याचे होते. मुलांच्या बाजूचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि वडिलांनी तो मान्य करावा.

कराच्या बाबतीत थोडक्यात. ऑनलाइन व्यवस्थेतून पैसे आल्यास ती व्यवस्था वस्तू व सेवा कराखाली अर्धा टक्का कर गोळा करते आणि प्राप्तिकरापोटी 0.1 टक्के कापते. 2024 पर्यंत दोन्ही दर एक टक्का होते. मात्र जिथे लिलावात फक्त भाव ठरतो आणि माल-पैशांचा व्यवहार विक्रेता व खरेदीदार परस्पर करतात, तिथे प्राप्तिकराची ही कपात लागू नाही, असे 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. आपली व्यवस्था कोणत्या प्रकारात बसते ते आपल्या कर सल्लागाराकडून लिहून घ्यावे. मसाला परदेशी पाठवायचा तर स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी लागते, मग विक्री लिलावाने असो वा पत्राने.

ज्यांचे दुकान किराणा वा हार्डवेअरचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना. सरकारी खरेदीच्या ‘जेम’ व्यवस्थेत अनेकदा उलटा लिलाव असतो: बोली वर न जाता खाली जाते. घड्याळ चालू असते, समोरचा पाच रुपये कमी करतो, आपण दहा करतो. अशा वेळी आपली शेवटची किंमत आधी कागदावर लिहून तो कागद घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावा. तिच्याखाली जायचे झाल्यास त्याची परवानगी घ्यावी. बहुधा ती मिळत नाही.

नवी हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन मार्चपासून यार्डात येऊ लागते. ज्यांना दुसरे दार उघडून पाहायचे आहे त्यांनी या हंगामात दहा कट्ट्यांपासून आरंभ करावा. एकाच ढिगातून तीन नमुने काढून खरेदीदाराच्या माहितीने मोहोरबंद करावेत: एक त्याच्याकडे, एक प्रयोगशाळेकडे, एक आपल्या तिजोरीत. आणि पहिल्या सौद्याचे पैसे खात्यात जमा झाल्याखेरीज अकरावा कट्टा गाडीत चढवू नये.