गेट उघडायलाही चालत नाही

सोसायटीला वॉचमन हवा असतो. माणूस कामसू वाटतो. मग पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये कळतं, हा 'आत' जाऊन आलाय. व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत निकाल : नको. कशासाठी आत होता, हे कुणीच विचारत नाही.

२०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही. त्यातला कुणी उद्या निर्दोष सुटला, तरी आपल्या तोंडी तो 'जेलमधून आलेला'च.

पुढाऱ्याचं मात्र वेगळं. तो जामिनावर सुटला की तुरुंगाच्या दारात ढोल-ताशे, गुलाल, हार. कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, पण निवडणूक लढवता येते. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला नेताही सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा उभा राहू शकतो. म्हणजे कायदे करायला चालतो, गेट उघडायला चालत नाही!

'पण भीती वाटते हो.' वाटणारच. मग चौकशी करा. गुन्हा कोणता, किती वर्षं झाली, सुटल्यावर काय केलं, हे त्यालाच विचारा. न विचारता दार लावलं, की ना काम, ना भाड्याची खोली. त्याला जवळ करायला जुनी टोळी तेवढी उरते. तो परत आत गेला की आपण मोकळे : 'बघा, म्हटलं नव्हतं?'

कोर्टाने त्याच्या शिक्षेला शेवटची तारीख दिली होती. ती खोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?