यमाचे चित्र आणि राहुलचा आरसा



मागच्या महिन्यात नागभीडला नातलगांकडे जाणे झाले. घरातली जुनी पेटी उघडली, तर झाकणाला आतून एक रंगीत चित्र चिकटवलेले. मध्ये यमराज, शेजारी वही घेऊन चित्रगुप्त आणि भोवती पाप्यांचे हाल. कुणी उकळत्या तेलात, कुणी करवतीखाली. घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलीने ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आजी, आपला आजा जनमभर दुसऱ्याच्या बांधीत राबला. मंग त्यानं मागच्या जन्मी कोन्तं पाप केलं होतं?"

आजी गप्प झाली. त्या प्रश्नासाठीच आजचा हा लेख.

पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. दगडावरून छापलेली रंगीत चित्रे स्वस्तात घरोघर गेली. देवादिकांच्या चित्रांबरोबर यमपुरीची चित्रेही आली. अक्षर येण्याआधी मुलांना चित्र कळते, म्हणून नीतीचे धडे भिंतीवरून मिळू लागले.

खोटे बोलू नये, मापात मारू नये, ही शिकवण वाईट नाही. पण त्यात दोन खोटी आहेत. एक, मूल भीतीने चांगले वागते. भीती सरली की नीतीही सरते. दुसरी खोट मोठी. हिशेब मागच्या जन्माचा धरला की गरीब आपल्याच पापाने गरीब ठरतो, आणि मालगुजार व सावकार मोकळे सुटतात. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमके हेच दाखवले. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत समाजाला दीनदुबळ्यांच्या जबाबदारीतून सोडवतो.

तथागतांनी आपल्या मुलाला कसे शिकवले? भांड्यात थोडेसे पाणी उरवून ते म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण एवढेसेच असते. मग ते पाणी ओतले, भांडे पालथे केले. नंतर विचारले, "राहुल, आरसा कशासाठी असतो?" "पाहण्यासाठी." तसेच काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, की याने मला किंवा दुसऱ्याला दुःख तर होणार नाही? ना यम, ना कढई. खोटेपणाविषयी राहुलला केलेला हा उपदेश सर्वांनी ऐकावा, असे सम्राट अशोकाने शिलालेखात कोरून ठेवले आहे.

ज्या दशकात ही चित्रे घरोघर जात होती, त्याच दशकात, १८९८ साली, कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी मराठीत बुद्धचरित्र लिहिले. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हाती त्यांनी ते पुस्तक दिले. पुढे १९५६ च्या १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपुरात काय घडले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मुलाच्या हाती आपण काय देतो, यावर किती अवलंबून असते!

माता-पित्यांनो, येत्या रविवारी विहारातून आल्यावर मुलांना जवळ घ्या. एक लोटा पाणी आणि एक आरसा पुरे. जुने चित्र घरात असेल तर फाडू नका. समोर ठेवून समजावून सांगा.

त्या आजीनेही शेवटी नातीला जवळ ओढले आणि म्हणाली, "आज्यानं पाप नाई केलं, बाई. त्याच्यावर अन्याय झाला. तू शिक."

जयभीम.