भीती वाटते, पण कशाची?

थंडी पडू लागली की शाळांतून सहलीची परवानगीपत्रे घरोघरी जातात. आमच्या आणे पठारावरच्या मुलांची सहल एके काळी शिवनेरी, लेण्याद्री, ओझर एवढ्यावर भागत असे. आता मुले एकमुखाने एकच नाव घेतात, इमॅजिका. आणे घाट उतरायचा, आळेफाटा, नारायणगाव, चाकण, तळेगाव करत एक्सप्रेसवेला लागायचे आणि बोरघाट उतरून खोपोली गाठायची. पहाटे निघालेली मुले वाटेत झोपतात ती थेट रोलर कोस्टरचे उंच रूळ दिसल्यावरच जागी होतात.

परवानगीपत्रावर सही करताना पालक, विशेषतः अम्मी, हमखास विचारतात, "आमचं पोरगं जरा भित्रं आहे. त्याला त्या झुकझुकगाडीत बसू द्यायचं का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर आमच्याकडे नाही. आम्ही उलट विचारतो, त्याला भीती वाटते ती कशाची? बहुतेकांनी हे मुलाला कधी विचारलेलेच नसते. भित्रा म्हटले की विषय संपला, असे आपण धरून चालतो. भित्रेपणाचे मात्र अनेक प्रकार असतात, आणि कोणता पाळणा कोणाला मानवेल हे त्या प्रकारावरच ठरते.

पहिला प्रकार उंचीचा. गच्चीच्या कठड्याशी ज्याचे पाय लटपटतात, त्याला संथ फिरणारा आकाशपाळणासुद्धा जड जातो, कारण तो वर नेऊन थांबवतो आणि खाली बघायला वेळ देतो. दुसरा प्रकार पडण्याचा. आपण म्हणतो 'पोटात गोळा आला', ती हीच भावना. आसन आपल्याबरोबर वेगाने खाली जाते, बुडाखालचा आधार क्षणभर सुटल्यासारखा होतो आणि आतडीसुद्धा हलकी होतात. तिसरा उलटे होण्याचा. चौथा अंधाराचा. पाचवा अडकण्याचा. खांद्यावरून दांडा खाली येऊन 'खट्' वाजला की आता सुटका नाही, या जाणिवेनेच काहींचा श्वास कोंडतो. सहावा प्रकार मुळात भीतीचा नाहीच, तो मळमळीचा. ज्यांना घाट लागतो, एसटीत खिडकीची जागा आणि हातात लिंबू लागते, अशांचा हा वर्ग.

वेगाचे नाव आम्ही यादीत घेतले नाही, ते जाणूनबुजून. एक्सप्रेसवेवर चारचाकी ताशी १०० किलोमीटरने धावते आणि मागच्या सीटवर दादी निवांत डुलकी घेते. इमॅजिकातली सर्वांत मोठी गाडी 'नायट्रो' सुमारे १०५ किलोमीटरने धावते, म्हणजे फरक फारसा नाही. घाबरवतो तो वेग नव्हे, तर वेगात आणि दिशेत अचानक होणारा बदल.

आता प्रत्यक्ष पाळण्यांकडे वळू. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. तिथली 'गोल्ड रश एक्सप्रेस' ही सोन्याच्या खाणीतल्या आगगाडीच्या रूपात केलेली कौटुंबिक गाडी आहे. ती वळते, हिसके देते, पण उलटी करत नाही. पहिल्यांदा बसणाऱ्याने सुरुवात अशाच गाडीने करावी. 'नायट्रो' दुसऱ्या टोकाची. सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजल्यांएवढी उंची, पाच वेळा उलटे होणे, आणि गाडी सुटण्याआधी पायाखालची फळीच काढून घेतली जाते, त्यामुळे पाय अधांतरी लोंबतात. उंची, पडणे, उलटे होणे आणि अडकणे या चारही भीती तिथे एकत्र भेटतात. 'डीप स्पेस' ही तिसरी गाडी उभारली गेली ती बंद जागेत, अंधारात एकदम झेप घेण्यासाठी. ती कागदावर नायट्रोपेक्षा सौम्य वाटेल, पण दिवा घालवून झोपू न शकणाऱ्या मुलासाठी तीच अधिक कठीण. अमुक गाडी सोपी आणि तमुक अवघड, अशी सर्वांना लागू पडणारी क्रमवारी म्हणूनच लावता येत नाही.

उलटे होण्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. गाडी गोल फेरा घेते तेव्हा आपण डोक्यावर पडू असे वाटते, पण वेगामुळे शरीर उलट आसनात दाबले जाते. मात्र तो फेरा पूर्ण गोल नसतो. १८९५ मध्ये अमेरिकेत कोनी आयलंड येथे अगदी गोल फेऱ्याची गाडी होती आणि तिच्यात बसणाऱ्यांच्या मानेला हिसका बसून दुखापती होत. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात 'रिव्होल्यूशन' नावाची गाडी आली. तिच्या रचनेत वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने फेऱ्याला पाण्याच्या थेंबाचा आकार दिला, वर निमुळता आणि खाली पसरट. त्यामुळे मानेवरचा ताण सोसण्याजोगा झाला. पडण्याची भीती असलेल्या कित्येकांना उतार नको वाटतो, पण हा फेरा सहज जमतो, तो यामुळेच.

मळमळीचा हिशेब वेगळा. गोल गोल गरगरणारे पाळणे, उदाहरणार्थ कपबशी किंवा ब्रेक डान्स, दिसायला बुटके आणि निरुपद्रवी. मात्र घाट लागणाऱ्याला तेच आडवे करतात. असा माणूस रोलर कोस्टरमध्ये एक वेळ टिकेल, कपबशीत टिकणार नाही. त्याने रिकाम्या पोटी बसू नये आणि बिर्याणी रिचवूनही बसू नये. थोडे खाऊन तासाभराने बसावे. डोळे मिटले की काहींची मळमळ वाढते. ते उघडे ठेवून पुढच्या रुळाकडे पाहावे.

मुलाची भीती कोणती हे ओळखायला खोपोलीपर्यंत जावे लागत नाही. ते गावच्या यात्रेत, उरुसात कळते. मुंबईत माहीमच्या मखदूम बाबांच्या उरुसाला डिसेंबरात मोठमोठे पाळणे लागत आले आहेत. आपल्याकडच्या यात्रांतही आकाशपाळणा आणि पुढेमागे झुलणारी होडी असते. आकाशपाळण्यात गप्प झालेले मूल उंचीला भिते. होडी मागे येताना जे पोट धरते, ते पडण्याला भिते. होडी तर पोटात गोळा पुन्हा पुन्हा आणते. ती सोसणाऱ्याला रोलर कोस्टरचा एक मोठा उतार सहसा जड जात नाही.

आमच्या वर्गातली एक मुलगी विहिरीच्या कठड्यावरून बिनधास्त डोकावते, पण होडीत बसत नाही. एक मुलगा कबड्डीत चौघांना अंगावर घेतो, मात्र खांद्यावर दांडा येताच रडकुंडीला येतो. या दोघांना 'भित्रे' या एकाच रांगेत उभे करणे म्हणजे गणितात नापास आणि उर्दूत नापास यांना एकच शिकवणी लावण्यासारखे आहे. त्या मुलीला आकाशपाळणा द्यावा. त्या मुलाला फक्त मांडीवर दांडा येणारी, खांदे मोकळे ठेवणारी गाडी द्यावी.

बसायचे ठरले की जागाही विचार करून निवडावी. पुढच्या डब्यातून उतार समोर दिसतो. मागचा डबा चढाच्या माथ्यावरून खेचला जातो, म्हणून पोटात गोळा तिथे जास्त येतो. नवख्याने मध्ये बसावे. पाठ आणि डोके आसनाला टेकवावे, दांडा घट्ट धरावा आणि श्वास कोंडून न ठेवता मोठ्याने ओरडावे. ओरडण्यात कमीपणा काही नाही, त्याने श्वास मोकळा होतो. साखळीने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत वर चढताना खट-खट-खट आवाज येतो. पुष्कळांना वाटते की काहीतरी तुटते आहे. तो आवाज गाडी मागे घसरू न देणाऱ्या खिट्टीचा असतो. मुलाला हे आधीच सांगून ठेवले तर तोच आवाज धीर देतो.

कपड्यांची गोष्ट आपल्या घरांनी विशेष ध्यानात घ्यावी. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोर येथे गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा जीव गेला. सुटी ओढणी, सैल बुरख्याचा घोळ, मोकळे केस यांना चाकांच्या जवळ जागा नाही. स्कार्फ आत खोचून घट्ट बांधावा आणि टोकदार टाचण्या काढून ठेवाव्यात. ज्या पाळण्यात कपडा नीट आवरता येत नाही, त्यात बसू नये. उंचीची पट्टी हीसुद्धा हिमतीची परीक्षा नव्हे. दांडा ज्या मापाच्या शरीरासाठी केला आहे, त्याहून लहान मूल त्याच्याखालून निसटू शकते. टाचा उंचावून मुलाला आत ढकलणारे अब्बा त्याच्या जिवाशी खेळतात.

आणखी एक फरक नीट समजून घ्यावा. भीती वाटणे वेगळे आणि धोका असणे वेगळे. अहमदाबादच्या कांकरिया येथे २०१९ मध्ये झुलता पाळणा तुटून माणसे दगावली. मोहालीच्या जत्रेत २०२२ मध्ये उंच पाळणा माणसांसकट खाली आदळला. म्हणून यात्रेत तिकीट काढण्यापूर्वी दोन मिनिटे नुसते बघावे. दाराच्या कडीला पिन आहे का, पाया समतल आहे का, उघड्या तारा लोंबत नाहीत ना, चालवणारा प्रत्येक कडी स्वतः तपासतो की नाही. इथे मन धजावत नसेल तर तो भित्रेपणा नाही, शहाणपणा आहे.

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मान-पाठीचे दुखणे, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल त्याने मोठ्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. गरोदर बाईने तर मुळीच नाही. इथे घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. नवी सून रांगेत मागे सरून "मला नाही बसायचं" म्हणाली, तर कारण विचारू नका. ते कारण तिने अजून सासूलाही सांगितले नसेल. सगळ्यांसमोर "एवढ्याला काय घाबरतेस" म्हणून तिला चढवणे ही थट्टा फार महाग पडू शकते.

मुलांनाही हाच न्याय लावावा. भीती मोडून काढतो म्हणत जबरदस्तीने बसवलेले मूल पाळणा विसरते, पण आपला 'नाही' कोणी ऐकला नाही हे विसरत नाही. उद्या दुसऱ्या कोणी नको त्या गोष्टीसाठी त्याच्यावर जबरदस्ती केली, तर 'नाही' म्हणण्याचा उपयोग होतो हे त्याला ठाऊक असायला हवे. म्हणून सहलीला निघण्यापूर्वी आम्ही वर्गात दोन नियम सांगतो. अगदी आसनापाशी पोहोचल्यावरही कोणी मागे फिरू शकेल आणि त्याला कोणी हसणार नाही. आणि जो खाली थांबेल त्याच्यासोबत एक मोठा माणूस थांबेल, नुसत्या पिशव्या सांभाळायला त्याला एकटे सोडले जाणार नाही.

घरच्या सहलीलाही हे दोन नियम पाळून पाहा. मागे फिरण्याची मोकळीक असली की पुष्कळ मुले आपणहून पुढे जातात. जी जाणार नाहीत, त्यांच्याशेजारी बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत रोलर कोस्टर खालून पाहण्यातही मजा असते.